चार बुधवारांच्या रेघा

ताकात्सुकी, १४ मे २००६

निशिवाकी कायो यांस,

नव्या पालवीचा हा काळ सेंदाईत आपणांस सुखाचा जात असेल अशी आशा करतो. नव्या विद्यापीठातील नव्या पदाबद्दल आपले अभिनंदन करावयाचे राहून गेले. माझ्या पत्नीच्या, साएकोच्या, निधनानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीस आपण धूप वाहण्यास आलात आणि विधी संपेपर्यंत गुडघे मोडून बसून राहिलात, त्याबद्दलचे आभारही पत्राने मानावयाचे होते. दोन्ही बाबतींतील विलंबाबद्दल क्षमस्व.

आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. परवा प्राध्यापक हारिगाया यांच्या कार्यालयाकडून एक लिफाफा आला. आत एका संशोधन-नियतकालिकाचे पान होते आणि त्यावर ‘माहितीस्तव’ असा शिक्का. यीस्टच्या एका दीर्घायुषी वाणाविषयी २००४ साली प्रसिद्ध झालेला निबंध लेखक मागे घेत आहेत, असे त्या पानावर छापले आहे. कारणाचे वाक्य इंग्रजीत होते. शब्दकोश घेऊन मी ते तीनदा वाचले. ‘गणना करणाऱ्या, आता दिवंगत असलेल्या तंत्रसाहाय्यिकेच्या हातून माता-पेशी आणि कन्या-पेशी यांची वारंवार अदलाबदल झाली.’ खाली दोन नावे आहेत. पहिले प्राध्यापकांचे, दुसरे आपले.

त्या प्रयोगशाळेत दिवंगत झालेली तंत्रसाहाय्यिका एकच आहे.

मी चौतीस वर्षे जिल्हा न्यायालयाचे अभिलेख सांभाळले. विज्ञान मला कळत नाही. परंतु साएकोने बावीस वर्षे तो सूक्ष्मदर्शक सांभाळला, आणि घरी तांदूळ मोजतानादेखील ती वाटीचा काठ बोटाने सपाट केल्याशिवाय पुढे जात नसे, एवढे मला ठाऊक आहे. चूक तिच्या हातून झाली असेल तर ती मान्य करणे माझे कर्तव्य आहे. झाली नसेल तर ते वाक्य पुसले गेले पाहिजे. आपण सहा वर्षे तिच्या शेजारी बसलात, म्हणून आपणांसच विचारतो. हे खरे आहे काय?

आपला,
त्सुकाहारा योशिनोरी


सेंदाई, २७ मे

आदरणीय त्सुकाहारा-सान,

तुमचं पत्र टेबलावर ठेवून मी चार दिवस त्याच्याभोवती नुसती फिरत होते. उशिराबद्दल माफ करा.

साए-सानच्या कामाबद्दल तुम्ही विचारलंत, तर आधी ते काम काय होतं ते सांगते. मी प्रयोगशाळेत आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, “हे बघ, कायो-चान. ही आई. हिच्या कुशीला कळी फुटलीय ना, ती लेक. लेक सुटी झाली की काचेच्या सुईने अलगद उचलायची आणि सासरी धाडायची. आईच्या नावावर एक रेघ ओढायची. दीड तासाने पुन्हा हजर. मी काय, यीस्टची सुईण!”

मी विचारलं, “आणि आई थांबते कधी?”

“पंचवीस-सव्वीस लेकी झाल्या की. मग म्हातारी नुसती बसून राहते, आपल्या हारिगाया-सेन्सेईंसारखी.”

सेन्सेई नेमके मागे उभे होते. ते हसले नाहीत. साए-सान मात्र त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “सेन्सेई, तुमचं अजून व्हायचंय हो.”

आता चुकीविषयी. लेक सुटते तेव्हा आईपेक्षा लहान असते, म्हणून ओळखू येते. पण यायला उशीर झाला तर ती वाढते आणि मग दोघी जुळ्या दिसतात. अशा वेळी चुकून आईला उचललं आणि लेकीला जागेवर ठेवलं, तर रेघा आईच्या नावावर चढत राहतात आणि जगत असते लेक. कागदावर म्हातारीला पन्नास-साठ लेकी होतात. आमच्या निबंधात तेच झालं. दोन देशांतल्या लोकांनी पुन्हा मोजून पाहिलं, आणि आमचा दीर्घायुषी वाण अगदी साधा निघाला.

साए-सान मोजणीच्या त्या महिन्यात फार थकलेल्या असायच्या. अशी चूक कुणाच्याही हातून होते. वाक्य सेन्सेईंनी लिहिलंय, आणि नाव कुणाचंच घेतलेलं नाही. ते पान तुम्ही मिटून ठेवावं, एवढीच माझी विनंती आहे. माझ्यासाठी त्या फार मोठ्या होत्या, आणि त्या वाक्याने त्या लहान होत नाहीत.

तुमची,
कायो


ताकात्सुकी, ११ जून

निशिवाकी कायो यांस,

हायड्रेंजियाच्या फुलांना रंग चढू लागला आहे. आपले पत्र पावले.

जानेवारीत प्रयोगशाळेने साएकोच्या मेजावरील वस्तू एका खोक्यातून पाठविल्या होत्या. ते उघडण्याचे धैर्य मला आजवर झाले नव्हते. गेल्या रविवारी उघडले. आत तिचा पांढरा झगा होता, तिने स्वतः ज्योतीवर ओढून घडविलेल्या दोन काचेच्या सुया होत्या, आणि ऑक्टोबर २००३ पासूनचे गणनेचे मूळ कागद होते. मी ते सात दिवस वाचले.

आपल्याकडे सारेच मोजदाद करतात त्याप्रमाणे तीही ‘正’ या पाच रेघांच्या अक्षराने करीत असे. एकेक रेघ वाढवीत जायचे, अक्षर पूर्ण झाले की पाच. साएकोच्या अक्षरातील डावीकडची आखूड उभी रेघ तळाच्या रेघेस कधीच टेकत नाही. मध्ये केसाएवढी फट राहते. वाणसामानाच्या यादीतही ती तशीच असे. ऑक्टोबरच्या दोन फेऱ्यांत ही फट सर्वत्र आहे, चार दिवसांचा अपवाद वगळता. ८, १५, २२ आणि २९ ऑक्टोबर. चारही बुधवार. त्या दिवशींच्या रेघा तळाला घट्ट टेकलेल्या आहेत. माझ्या पूर्वीच्या कामात मी असे कागद न्यायाधीशांसमोर ठेवीत आलो आहे. हा दुसरा हात आहे.

आणखी एक गोष्ट. मंगळवारी ज्या मातांना एका लेकीस तीन तास लागत होते, त्याच माता गुरुवारी दर दीड तासाला एक लेक देताना दिसतात. वृद्धेला एका दिवसात तारुण्य आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शिवाय जानेवारी-फेब्रुवारी २००४ मधील तिसऱ्या फेरीचे कागद आहेत. प्रत्येक दिवस साएकोच्या हातचा आहे. सरासरी सव्वीस. म्हणजे आपण म्हणता तसा अगदी साधा वाण. त्या कागदांवर प्राध्यापकांनी लिहिले आहे, ‘थकलेला हात. वापरू नये.’ ते वापरले गेले नाहीत.

तेव्हा माझ्या पत्नीने एकटीने मोजले तेव्हा ती बरोबर होती, आणि ज्या दिवशी दुसऱ्या कोणी सुई धरली त्या दिवशीची चूक आज तिच्या माथी आहे. त्या चारही बुधवारी ती सात चाळीसला डबा घेऊन घरातून निघाली, हे मला स्मरते. प्रयोगशाळेत असूनही तिला सूक्ष्मदर्शकापासून कोणी दूर केले, आणि का?

आपण लिहिता, ती त्या महिन्यात थकलेली असे. मला ते दिसले नव्हते. आपणांस दिसले.

चार बुधवारांचा हात कोणाचा आहे?

त्सुकाहारा योशिनोरी


सेंदाई, २५ जून

त्सुकाहारा-सान,

तो हात माझा आहे.

त्यांना कुणी दूर केलं नाही, एवढं खरं माना. त्यांनीच मला बसायला सांगितलं होतं. का, ते मी सांगू शकत नाही. त्यांना तसा शब्द दिला आहे, आणि तो परत घ्यायला त्या आता नाहीत. तुम्ही नियतकालिकाला लिहिलंत तर ते ‘का’ बाहेर येईल, आणि त्याने सगळ्यात जास्त दुखावले जाल ते तुम्ही. मी माझ्यासाठी म्हणत नाही. कृपा करून इथेच थांबा.

कायो


ताकात्सुकी, २ जुलै

निशिवाकी कायो यांस,

हवापाण्याची विचारपूस वगळतो.

मृत व्यक्तीस दिलेला शब्द पाळणे आदरास पात्र आहे. परंतु त्या शब्दाच्या आडोशाला शब्द देणारा सुरक्षित बसतो आणि जिला शब्द दिला ती उघड्यावर पडते, तेव्हा त्या पालनास काय म्हणावे ते मला कळत नाही. आपण तिचे गुपित राखलेत आणि तिचे नाव बळी दिलेत.

मी दुखावला जाईन की नाही याची चिंता आपण करू नये. २० जुलै रोजी मी मूळ कागदांच्या छायाप्रती नियतकालिकाच्या संपादकांकडे रवाना करीन. तत्पूर्वी सांगावयाचे असल्यास सांगावे.

त्सुकाहारा योशिनोरी


सेंदाई, १२ जुलै

त्सुकाहारा-सान,

सांगते. वाचताना बसून घ्या.

त्या चार बुधवारी साए-सान हॉस्पिटलमध्ये होत्या. सप्टेंबरअखेर त्यांना छातीत गाठ लागली होती. पहिल्या बुधवारी तपासणी झाली, दुसऱ्या बुधवारी सुईने तुकडा काढला, तिसऱ्या बुधवारी डॉक्टरांनी निकाल सांगितला आणि लगेच दाखल व्हायला सांगितलं. चौथ्या बुधवारी त्या डॉक्टरांकडे मुदत मागायला गेल्या. २००४च्या मार्चमध्ये त्यांनी ‘काल लागली’ म्हणून तुम्हाला जी गाठ दाखवली, ती हीच.

पहिल्या बुधवारच्या आदल्या दिवशी त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “बुधवारी माझ्या म्हाताऱ्या सांभाळशील? दर दीड तासाने, विसरायचं नाही. आणि वहीवर नाव माझंच राहू दे, नाहीतर सेन्सेई शंभर प्रश्न विचारतील.”

मी म्हणाले, “घरी सांगितलंत?”

“नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. शप्पथ घे.”

“अहो, नवऱ्याला नाही सांगणार तर कुणाला?”

“तुला सांगितलं ना, बास.” मग माझा चेहरा पाहून त्या हसल्या. “तू आमच्या न्यायमूर्तींना ओळखत नाहीस. ते रागावणार नाहीत, रडणार नाहीत. कागदावर दोन रकाने आखतील. शांतपणे भरतील. शेवटी ‘उचित हेच होईल’ म्हणतील, आणि दुसऱ्या दिवसापासून मी घरात. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं गं. उचिताशी कसं भांडायचं?”

हे लिहू नये असं वाटत होतं. पण तुम्ही अर्धं मागितलेलं नाही.

आता माझं. १५ तारखेला दुपारी माझ्या स्वतःच्या प्रयोगात गडबड झाली. तिकडे गुंतले आणि म्हाताऱ्यांकडे साडेतीन तासांनी परतले. आई कोण, लेक कोण, कळेना. वहीत ‘अनिश्चित’ लिहून त्या पेशी बाद करायला हव्या होत्या. नियमच तो आहे. पण त्यांनी विश्वासाने सोपवलेल्या चाळीसपैकी पंधरा मी एका दुपारीत घालवल्या, हे त्यांना सांगायची लाज वाटली. मी अंदाजाने उचलल्या. २९ तारखेला पुन्हा तसंच झालं.

गुरुवारी त्या आल्या, सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि ओरडल्या, “कायो-चान, काय खाऊ घातलंस गं यांना? आजीबाई नाचायला लागल्यात!” मी हसले. तेव्हा सांगायला हवं होतं. मी हसले.

महिनाअखेर आकडे पाहून अख्खी प्रयोगशाळा वेडी झाली. डॉक्टर नोव्हेंबरात दाखल व्हा म्हणत होते. साए-सान म्हणाल्या, “बावीस वर्षांत अशी म्हातारी पाहिली नाही. पुन्हा एकदा, सगळं नव्याने, माझ्या हाताने मोजल्याशिवाय मी जाणार नाही.” वाण नव्याने जुळवायला दोन महिने गेले, मोजायला पाच आठवडे. मी रोज त्यांच्या शेजारी बसत होते. एका वाक्याने त्यांना हॉस्पिटलात धाडू शकले असते. ते वाक्य माझ्याजवळ होतं.

तिसऱ्या फेरीत वाण साधा निघाला. त्या सेन्सेईंना म्हणाल्या, “आधीचं चुकलंय. हे बरोबर आहे.” सेन्सेई म्हणाले, “तुम्ही दमलाय, साए-सान. घरी जा.” साए-साननी माझ्याकडे पाहिलं. मी नळाखाली बशा धूत होते. धूतच राहिले.

आणि या मार्चमध्ये सेन्सेईंनी विचारलं, “मोजलं कुणी होतं?” वहीवर एकच नाव होतं. त्याच आठवड्यात सेंदाईहून माझ्या पदाचं पत्र यायचं होतं. मी साए-सानचा शब्द पाळतेय असं स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. अर्धं खरं मनाला किती सोयीचं पडतं, ते मला आता कळलंय.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला ‘उचित’ उत्तर द्यावं लागेल.

कायो


ताकात्सुकी, १७ ऑगस्ट

निशिवाकी कायो यांस,

साएकोचा पहिला बोन, पितरांच्या घरी येण्याचा सण, काल पार पडला. तिच्यासाठी दारात लावलेला पांढरा कंदील आज उतरवला आणि हे लिहावयास बसलो. या महिन्याभरात मी हॉस्पिटलात जाऊन तिचे कागद मागितले. आपण लिहिलेल्या तारखा बरोबर आहेत.

आपले पत्र मिळाले त्या दिवशी मी एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले होते. एकीकडे आपण माझ्यापासून काय लपविले, दुसरीकडे तिने काय लपविले. आखून झाल्यावर माझ्या लक्षात आले की मी काय करीत आहे. कागद कोराच ठेवला.

तिचा अंदाज अचूक होता. मी तिला घरी बसविले असते, आणि आवाज न चढवता. पाच महिने आधी शस्त्रक्रिया झाली असती. ती आज असती की नसती, हे डॉक्टर सांगत नाहीत. असती तर बहुधा माझ्यावर रुष्ट असती. मला ते चालले असते. हे तिला सांगण्याची संधी तिने मला दिली नाही. एकतीस वर्षे एका छपराखाली राहून तिने मला विचारण्याआधीच माझे उत्तर लिहून टाकले. ऑक्टोबर ते मार्च रोज सकाळी मी तिला विचारीत असे, “बरं आहे ना?” आणि ती म्हणत असे, “छान आहे की.” त्या सकाळी आता मला मोजवत नाहीत.

आपण मात्र पाच महिने एका खोट्या म्हातारीसाठी तिला थांबू दिलेत. ती ज्यासाठी थांबली ते अस्तित्वातच नव्हते, आणि हे जगात एकट्या आपणांस ठाऊक होते. याला माझ्याजवळ शब्द नाही, म्हणून लिहीत नाही.

सोबत संपादकांना पाठवावयाच्या निवेदनाचा मसुदा आहे. त्यात तीनच वाक्ये आहेत.

‘ऑक्टोबर २००३ मधील चार बुधवारची गणना दिवंगत त्सुकाहारा साएको यांनी केलेली नाही. त्या दिवशी त्या हॉस्पिटलात होत्या, आणि याची माहिती त्यांच्या कुटुंबीयांस नव्हती. त्यांनी संपूर्णपणे स्वतः केलेली तिसऱ्या फेरीची गणना अचूक होती व ती निबंधातून वगळण्यात आली.’

दुसऱ्या वाक्याचा उत्तरार्ध गाळावा, असा सल्ला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने दिला. लोक हसतील, असे त्याचे म्हणणे. तो मी गाळलेला नाही. ते घडले आहे.

खाली आपल्या सहीसाठी जागा सोडली आहे.

त्सुकाहारा योशिनोरी


सेंदाई, २४ ऑगस्ट

त्सुकाहारा-सान,

सही केली आहे. ‘चार बुधवारची गणना मी केली आणि अनिश्चित पेशी लपवल्या’ असं चौथं वाक्य मी माझ्या हाताने खाली लिहिलं आहे. तुम्ही माझं नाव घातलं नव्हतंत. सेन्सेईंना फोनवर सांगितलं. ते “आता हे उकरून कुणाचं भलं होणार आहे?” एवढंच म्हणाले. इथल्या विभागप्रमुखांना मी स्वतः कळवलं आहे. पुढच्या वर्षी मी इथे असेन असं वाटत नाही.

१२ नोव्हेंबरला वर्षश्राद्ध आहे. मला धूप वाहायला येता येईल का? मागे, दाराजवळ उभी राहीन. नाही म्हणालात तर समजेन.

कायो


ताकात्सुकी, २ नोव्हेंबर

निशिवाकी कायो यांस,

पानगळ सुरू झाली आहे. नियतकालिकाचा नवा अंक पोहोचला. चारही वाक्ये छापली आहेत. साएकोचे नाव पूर्ण आणि बरोबर छापले आहे. या बाबतीत माझे आपल्याकडे आता काही मागणे नाही.

आपल्या प्रश्नास उत्तर देण्यास दोन महिने लागले. उत्तर ‘नाही’ असेच ठरविले होते. आपणांस क्षमा करणे मला जमलेले नाही. तिलाही करणे जमलेले नाही. रोज सकाळी तिच्यापुढे चहा ठेवतो आणि काही न बोलता उठतो.

परंतु हॉस्पिटलाच्या कागदांत एक पान होते, त्याविषयी आपणांस लिहिले नव्हते. ८ ऑक्टोबर २००३ चा, पहिल्या भेटीचा अर्ज. तातडीच्या वेळी कोणास कळवावे, या रकान्यात तिने माझे नाव लिहिलेले नाही. आपले लिहिले आहे. नाते या रकान्यात लिहिले आहे, धाकटी बहीण.

साएकोस बहीण नव्हती. तोत्तोरीला एक भाऊ आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत चुकीची नोंद दिसली की मी तिच्यावर तांबड्या शाईने दोन रेघा ओढून शेजारी शिक्का उमटवीत असे. या नोंदीकडे मी पुष्कळ वेळ पाहत बसलो. ती चुकीची आहे, असे मला म्हणता येईना. ज्या दिवशी तिला एका माणसाची गरज होती, त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने ते माणूस नेमले. त्या माणसाने तिचे काय केले, हे मला ठाऊक आहे. तरी नोंद तिची आहे, आणि ती रद्द करण्याचा अधिकार माझा नाही.

विधी सकाळी अकरा वाजता आहे. आप्तांनी दाराजवळ उभे राहण्याची प्रथा नाही. त्यांची बैठक पुढच्या रांगेत, डावीकडे असते. तोत्तोरीहून येणाऱ्या मेहुण्यांच्या शेजारी आपल्या बसण्याची उशी मांडली जाईल. आपण कोण, असे त्यांनी विचारल्यास अर्जात लिहिले आहे तेच मी सांगेन.

माझ्याकडून संभाषणाची अपेक्षा ठेवू नये.

त्सुकाहारा योशिनोरी